सातव्या माळेला मी जे बोलले

हे मी आजवर कुणालाच बोललेली नाही. नवऱ्याला नाही — ते गेले, तरी नाही. लेकीला नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हा बाकी सगळं बोलते, लेकरांचं, गुडघ्यांचं, पावसापाण्याचं, आणि इथं आलं की जीभ टाळ्याला चिकटते. आता तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि लिहिते. माझं लिहिणं बोलल्यासारखंच असतं, शाळेत मी एक दिवस बसलेली नाही. जरा फिरून फिरून येईन. सरळ यायची हिंमत असती तर एवढी वर्षं गेली असती का?

गाव बेंबळीच्या पलीकडं. नाव घेत नाही. रझाकार गेले, निजाम गेला, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन त्या घरात आले. पंधराची होते. घर खाऊनपिऊन सुखी, दोन बैलजोड्या, दारात म्हशी. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मनानं वाईट नव्हत्या — पण तोंड! जेवायला बसलेल्या सगळ्या गड्यांसमोर भाकरी वर धरून दाखवायच्या. "ही भाकर हाय का गवरी? तुज्या मायनं काय शिकीवलं न्हाय व्हय गं?" गडी हसायचे. मी पण हसायचे, आणि चुलीकडं तोंड करून धुराचं निमित्त करायचे.

त्या घरात माझ्याशी माणसासारखं वागणारं एकच माणूस होतं. गोदा. माझी धाकटी नणंद, तेव्हा दहाची.

गावात मराठी शाळा नवीनच निघाली होती, आधी शिकायचं तर उर्दूतूनच. शाळेत पोरी तीन, त्यातली एक गोदा. मी दळायला बसले की ती जात्यापाशी यायची. "वैनी, तुमी दळा, मी शिकीवते." जात्याभोवती पडलेल्या पिठात बोटानं अक्षर काढायची. पहिला 'ग' शिकवला, तिच्या नावाचा. आणि नकला काय करायची! आत्याबाई भाकरी वर धरतात ती, मास्तर सायकलवरून उतरताना धोतर सावरतात ती. हसता हसता जात्याचा खुंटा माझ्या हातातून सुटायचा. आज हे मी लिहितेय ना, ते तिनं दिलेलं आहे. पुढं मी पुड्यांचे कागद वाचून वाचून वाढवलं असेल, पण बी तिचं. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना तुम्ही ते विसरू नये म्हणून.

तिला तेरावं लागलं आणि पोरगी बदलली.

बोलता बोलता गप्प व्हायची. तोंडातला घास तोंडात. हात धुवायची, पुसायची, परत उठून धुवायची, बोटांची सालटं निघेपर्यंत. दार लागलं की अंगाला कापरं भरायचं, म्हणून परसातसुद्धा कुणी सोबत लागायचं. आणि एकच विचारायची, दिवसातून दहादा — "वैनी, मी काय वंगाळ केलंय का?" मी म्हणायचे, नाही गं. तेवढ्यापुरतं समाधान. घटकाभरानं पुन्हा तेच.

घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तिचा याच्याशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रझाकार गावात शिरले तेव्हा सहा वर्षांच्या गोदाला बळदात लपवलं होतं. बळद म्हणजे भिंतीच्या पोटात केलेली धान्याची अंधारी कोठी, वरून माणूस उतरेल एवढंच तोंड. दोन दिवस पोर आत, जोंधळ्याच्या राशीवर. वर फळी. आवाज केलास तर सगळी मरतील, असं सांगितलेलं. तिनं आवाज केला नाही. घरात याचं कौतुक चालायचं — बघा, एवढीशी होती पण किती गुणाची!

मास्तरांनी मात्र धागा ओळखला. ते साताऱ्याकडचे, बदलीवर आलेले, बोलणं शुद्ध. एक दिवस घरी आले, ओसरीवर बसले आणि आत्याबाईंना म्हणाले, "हे दुखणं आहे, आई. ताप अंगाला येतो, तसं हे मनाला आलंय. तिला शाळेतून काढू नका. रडली तर रडू द्या — पण चार पोरींत बसून रडू द्या."

आत्याबाई म्हणाल्या, "लोक हसत्यात वो मास्तर."

"हसू देत. मी बघतो त्यांच्याकडं."

आणि बघितलं त्यांनी. वर्गात गोदाची जागा दारात केली, बाहेरचं अंगण दिसेल अशी. फार कासावीस झाली तर अंगणात फिरून यायची मुभा दिली, कुणाला विचारायचं नाही. उरलेल्या दोन पोरींना सांगितलं, जाता-येता हिला सोबत न्यायचं. त्या रोज सकाळी वेशीपासूनच हाका मारत यायच्या, "गोदेऽ, चल गं!" दोन महिने झाले आणि हात धुणं कमी झालं. एक दिवस तिनं परत मास्तरांच्या सायकलची नक्कल केली. मी काठवटीवरून उठून तिचा मुका घेतला, पीठ लागलं तिच्या गालाला.

मास्तरांच्या ओळखीचे एक डॉक्टर सोलापूरला होते, मनाच्या दुखण्यातलं कळणारे. दसरा झाला की गोदाला तिकडं न्यायचं ठरलं. घट बसल्यावर घर सोडून जायचं नाही म्हणून दसऱ्यानंतर. मास्तर स्वतः बरोबर जाणार होते. आमचे हे तयार. आत्याबाईसुद्धा तयार.

परवा नातीच्या शाळेत एक बाई आल्या होत्या, मुलांच्या मनाच्या आरोग्यावर बोलायला. घरातल्या मोठ्यांनाही बोलावलेलं. त्या म्हणाल्या, मुलांना वेगळं पाडू नका, त्यांच्यासोबत बसा, गरज लागली तर डॉक्टरकडं न्या. मी उठून बाहेर आले. नात म्हणाली, आजी, काय झालं? काय सांगू तिला? हे सगळं आमच्या ओसरीवर एका माणसानं केव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि आमच्या घरानं ते ऐकलंही होतं. घर ऐकत होतं हो. मोडलं ते मी.

आता माझ्याकडं येते. — बघा, अजून टाळतेच आहे.

त्याच्या आदल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. घटापुढं गोंधळी संबळ वाजवत होते. पाच दिवसांचा उपास, रिकामं पोट, माणसांची दाटी, ऊद. माझं अंग हलायला लागलं आणि मी पडले. ते खरं होतं का? देवाशपथ, मला अजून कळलेलं नाही. शुद्धीवर आले तर आत्याबाईंनी माझे पाय धरलेले. आत्याबाईंनी! "आई आली गं घरात," म्हणत होत्या, आणि माझ्या पायावर हळदीकुंकू. सुनेच्या अंगात वारं आलं, देवी आली. पुढं आठ दिवस माझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही.

मग मंगळवारच्या आरतीला सगळे माझ्याकडं बघत उभे राहिले. मी वाट बघितली. काही येईना. संबळ वाजतोय, लोक बघतायत, काही येईना.

मग मी आणलं.

वाटलं, आता घर अंगावर कोसळेल. काही झालं नाही. उलट शेजारपाजारच्या बाया लेकरं घेऊन यायला लागल्या. मी केस मोकळे सोडायचे, घुमायचे, आवाज जड करून सांगायचे — लेकराला अंगारा लाव, गाईला हिरवा चारा घाल. कुणाचं वाकडं होणार नाही असंच सांगायचे. वर्षभर चाललं. वाईट वाटायचं का? खोटं कशाला बोलू — गोड वाटायचं. ज्या घरात मान वर करून पाणी मागता येत नव्हतं, तिथं मला आई म्हणत होते.

नवरात्र आलं. दुसऱ्या माळेचा दिवस. गोदा आणि मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलो होतो. ती एकदम बारीक हसली.

"वैनी, पडायच्या आधी तुमी मागं बघता."

"काय?"

"वारं आल्यावर. कुणी धराया हाय का न्हाय, ते बघूनच पडता."

माझ्या हातातला वेल तसाच राहिला. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, नकला करणाऱ्या पोरीची नजर, तिला दिसलं एवढंच. "मी न्हाय सांगत कुणाला," असंही म्हणाली. मग थांबली, कपाळाला आठ्या आल्या, आणि त्या काळजीनं तिला धरलं — तिचं दुखणंच तसं होतं. "पर वैनी, मास्तर म्हणले, सोलापूरच्या डाक्टराला समदं खरं सांगायचं. मनात हाय ते समदं. मग ह्ये बी सांगावं लागंल का वो?"

मला विचारत होती. माझी परवानगी मागत होती. "न्हाय गं, हे नको सांगू," एवढं म्हणाले असते तरी तिनं ऐकलं असतं. मी म्हणाले, "बघू."

पुढचे पाच दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर मास्तरांना सांगणार, मास्तर ह्यांना, आणि मग आत्याबाई. गडी पुन्हा हसणार. बाया लेकरं घेऊन आल्या होत्या, त्या काय करतील? हे भय होतं, बस्स. त्याला दुसरं नाव मी देत नाही.

सातवी माळ. सकाळची आरती. घर माणसांनी भरलेलं, संबळ चालू. मी घुमायला लागले. आत्याबाई पदर पसरून समोर आल्या. त्यांना उत्तर काय मिळणार हे ठाऊकच होतं. नुसता आशीर्वाद हवा होता, जाण्याआधीचा. "आई, लेकीला सोलापूरला न्यायचं ठरीवलंय. कौल दे."

"न्यायची न्हाय."

संबळ थांबला. आत्याबाईंनी पदर तसाच धरून वर बघितलं. आणि मी थांबले नाही. मी बोलत राहिले — "तिच्या तोंडानं दुसरंच कुणी बोलतंय. ती सांगंल त्ये ऐकू नका. लोकांत मिसळू देऊ नका. उंबऱ्याभाईर काढू नका. मी सांगंस्तवर."

ते शब्द माझ्या कानांनी ऐकले आणि मी हबकले. हा आवाज कुणाचा? डोळे आपोआप उघडले. मी घुमायचंही विसरले, आणि ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. एवढं सोपं असतं? एका पोरीचं आयुष्य मोडायला एवढंसंच लागतं — चार वाक्यं आणि मोकळे केस? वाटलं, कुणीतरी आता हसेल. म्हणेल, काय गं हे सोंग! कुणी हसलं नाही. सगळ्यांनी हात जोडले.

गोदा खांबाला टेकून उभी होती, हातात आरतीचं ताट. तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. ती नुसती चकित झाली होती, ओळखीच्या माणसानं अचानक थोबाडीत मारल्यावर होतं तशी. तिचं तोंड उघडलं. पण ती काय बोलणार होती? तिचं ऐकू नका, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं तोंड मिटलं. ताट खाली ठेवलं, एकसुद्धा दिवा विझू न देता.

आत्याबाई रडत रडत तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बळदाचं तोंड ज्या खोलीत होतं, तीच. बाहेरून कडी लावली. मी खोली सांगितली नव्हती, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. पण उंबऱ्याच्या आत म्हटल्यावर त्या घरात दुसरी कुठली खोली होती? मला ठाऊक होतं. बोलत होते तेव्हाही ठाऊक होतं.

दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी ओरडायला लागली. बाया म्हणाल्या, बघा, आई म्हणाली तेच खरं, आतलं बोलायला लागलं.

त्या दोन पोरी दसऱ्यानंतर शाळा भरली तशी आल्या. "गोदेऽ, चल गं!" आत्याबाईंनी दारातूनच परतवलं. त्या चार दिवस आल्या, मग त्यांच्या आयांनी बंद केलं. मास्तर तीनदा आले. गावानं त्यांना देवीनं सांगितलं एवढंच सांगितलं होतं. कुणाच्या तोंडून, ते नाही. तिसऱ्या खेपेला मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर ते मलाच म्हणाले, "बाई, ती शाळेत तुमचं फार नाव घ्यायची. तुम्ही तरी घरच्यांना समजावा." मी पदर पुढं ओढला आणि आत आले. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

इथवर एक चूक म्हणता येईल. अठराची होते, घाबरले, बोलून गेले. पण पुढचं?

मला दिवस गेले. पोटुशीच्या अंगात वारं येत नाही, असं आमच्याकडं मानतात. मला केवढं हायसं वाटलं! लेक झाली, ती अंगावर प्यायची, तेव्हाही नाही. मग पुढच्या दर नवरात्रात आत्याबाई मला घटापुढं बसवायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. "आई कवा बोलंल गं?" विचारायच्या. लेकीला सोडवायला तिची जन्माची आई थांबली होती — माझ्यासाठी. मी एकदा अंग हलवून म्हणायचं होतं, सोडा पोरीला. एवढंच. खोटं खोट्यानं पुसायचं होतं. किंवा नुसतं खरं सांगायचं होतं. मी मांडीवरची लेक थोपटत बसायचे.

चार-पाच वर्षं. महाराष्ट्र झाला त्या साली आत्याबाई गेल्या. त्यांचे दिवस झाले आणि आमच्या ह्यांनी कडी काढली. "आता बास झालं," म्हणाले. "चल गं गोदे, भाईर ये."

ती उंबऱ्यापर्यंत आली. अठराची झाली होती, अंग पांढरंफटक, केस आखूड कापलेले. उंबऱ्यापाशी थांबली. ह्यांनी हात धरून ओढलं तर चौकट पकडली.

"आईनं सांगितलं न्हाय अजून," म्हणाली.

मी तिथंच होते, दोन हातांवर. माझ्याकडं तिनं बघितलं, आणि मी शोधत होते — ओसरीवर बारीक हसली होती ती गोदा त्या डोळ्यांत कुठं आहे का? नव्हती. माझं खोटं ओळखणारं त्या गावात एकच माणूस होतं, आणि त्या माणसालाही आता ते खरं वाटत होतं. तेव्हासुद्धा मी म्हणू शकले असते, वन्सं, ते मी बोलले होते, देवी नाही. हे उभे होते म्हणून गप्प राहिले. हे रानात गेल्यावर म्हणू शकले असते. नाही म्हणाले.

पुढं ती ओसरीपर्यंत यायला लागली. अंगणापर्यंत कधी कधी. शाळा कधीच नाही, सोलापूर कधीच नाही. ह्यांनी एकदा विषय काढला होता. मी म्हणाले, आता काय उपयोग, कशाला तिचे हाल? तेही मीच म्हणाले. मी तिला वेळेवर जेवायला घातलं, न्हाऊ घातलं, उवा काढल्या. गाव बघत होतं. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं हिनं केलं, असं माझं नाव झालं. नव्या सुनांना माझं उदाहरण द्यायचे.

पन्नाशीच्या आत तापानं गेली. तीन दिवस मी एकटी उशाशी होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, ती शुद्धीवर होती, वेळच वेळ होता. मी तिला पाणी पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बोलले नाही.

तेराव्याला भावकी जमली. जेवणं झाल्यावर चुलत घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांसमोर मला पाटावर बसवलं. "गोदीचं लई केलंस बाई. ही होती म्हणून पोरीचा जल्म निभला." आणि भावकीनं मिळून आणलेलं लुगडं माझ्या ओटीत घातलं, चांगलं इरकली, लाल काठाचं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या.

मी लुगडं कपाळाला लावलं. आत गेले, ते नेसले, आणि बाहेर येऊन एकेकीच्या पाया पडले.